घोरणाऱ्यांची वेगळी खोली

आता जे सांगणार आहे ते मी घरी, मंडळीत, कुठेच बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. आमच्या संसारात तिच्यापासून लपलेली ही एकच गोष्ट, असं लिहिणार होतो, पण खरं बोलायलाच बसलोय तर तेही नको. आणखी दोन माणसांना हे ठाऊक आहे. त्यांनी तोंड उघडलेलं नाही. माझी खरी अडचण तीच आहे.

आमच्या पंथात कबुलीसाठी जाळीची खिडकी नसते. थेट देवाला सांगायचं आणि मोकळं व्हायचं. सोय चांगली आहे. मी देवाला हे पुष्कळदा सांगितलं. पण एक विचारू? देवाला सांगण्यात कसलं आलंय धाडस? त्याला आधीच माहीत असतं. शिवाय रविवारी उपासना संपल्यावर तो चहाचा कप घेऊन आपल्यासमोर येऊन उभा राहत नाही.

तर आधी मी कोण ते सांगतो. (विषय पुढे ढकलतोय का मी? ढकलतोय. थोडं चालवून घ्या.) सोलापुरातल्या एका कॉलेजात मी हेडक्लार्क होतो, आता निवृत्त आहे. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, एक लहानशी सेवासंस्था आहे. वर्षातून दोनदा आम्ही खेड्यात जातो, लोकांचे डोळे तपासतो, चष्मे देतो, रक्तदाब आणि साखर बघतो. अक्कलकोट, दुधनी, कधी सीमेपलीकडचं एखादं गाव. पंचवीसेक माणसं, दोन टेम्पो ट्रॅव्हलर, मुक्काम शाळेत. या सगळ्या जाण्यायेण्याचा आणि राहण्याखाण्याचा प्रमुख मी.

फुशारकी वाटेल, पण या कामात माझं नाव आहे. बार्शीहून, मिरजेहून, लातूरहून मंडळ्यांचे फोन येतात, सर, आम्ही गट घेऊन निघालोय, काय काळजी घ्यावी? मी सांगतो. मुक्कामाच्या शाळेत शौचालय आहे का, असं विचारू नका, सगळे आहेच म्हणतात. किल्ली कुणाकडे आहे आणि तो माणूस त्या दिवशी गावात असणार का, ते विचारा. ओकणाऱ्यांना पुढे बसवा, पण ड्रायव्हरच्या मागे नको. कडक भाकरी न्या, पातळ भाजी नेऊ नका. निघतानाची प्रार्थना गाडी सुरू करायच्या आधी उरका, नाहीतर पाळकसाहेबांना एकेकाचं नाव घेऊन आशीर्वाद मागायचा असतो आणि तिकडे डिझेल जळत असतं. आणि हो, घोरणाऱ्यांची खोली वेगळी ठेवा.

ही शेवटची सूचना सगळ्यांत जास्त वाखाणली जाते. मिरजेच्या एक बाई तर म्हणाल्या, "सर, त्या एका सूचनेनं आमचं शिबिर वाचलं बघा. तुम्हाला हे सुचलं तरी कसं?"

कसं सुचलं? — हं. तेच तर.

आमचं पहिलं शिबिर दुधनीच्या पुढच्या एका गावात होतं. बायकांना एक वर्ग दिला, आम्हा पुरुषांना हॉल. सतरंज्या टाकल्या, डोक्याखाली पिशव्या घेतल्या आणि आडवे झालो. मला ती झोप अजून आठवते. फार सुरेख लागली होती. सकाळी उठलो तर अंगात नुसता उत्साह! बाहेर आलो आणि बघतो तर सगळ्यांचे चेहरे सुजलेले. डॉक्टरांचे डोळे लाल. खजिनदार भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगत होते. पाळकसाहेब सहसा चिडत नाहीत, पण चहात साखर कमी आहे म्हणून ते ओरडले. तेवढ्यात शाळेचा शिपाई बादली घेऊन आला आणि त्याने सरळ विचारलं, "रातच्याला ट्रॅक्टर कुनाचा चालू हुता वो? आमच्या घरापतूर आवाज येत हुता की."

कुणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाले, "खिडकीकडून येत होता तो आवाज."

खिडकीकडे दोघेच झोपले होते. एक मी. दुसरा शांतवन.

शांतवनला तुम्ही ओळखत नसाल. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ त्याचं चष्म्याचं दुकान आहे. शिबिरात फ्रेम बसवण्याचं काम तो करायचा, अजून करतो. माझ्याच वयाचा, अंगाने बारीक, आवाज हळू. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. म्हणजे दुकानाच्या वरच्या खोलीत हा एकटा. लहानपणी कसल्याशा तापात डावा कान गेलेला, त्यामुळे त्याच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला उभं राहायचं, हे मंडळीत पोरांनाही माहीत होतं. झोपतानाही तो उजव्या कुशीवर झोपायचा. म्हणजे चांगला कान उशीत आणि बंद कान जगाकडे. त्याच्याइतकं निवांत झोपणारा माणूस मी पाहिला नाही. त्या सकाळी अख्ख्या गटात ताजेतवाने असे आम्ही दोघेच होतो.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

मला माहीत होतं का? होतं. मी घोरतो हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मनोरमाने, म्हणजे माझ्या बायकोने, अतिशय सौम्य शब्दांत सांगितलं होतं. पुढे शब्द तेवढे सौम्य राहिले नाहीत. ती कानात कापूस घालून झोपते. सासुरवाडीला गेलो की मला गच्चीवर झोपवतात, वर जावईबापूंना हवा चांगली लागावी म्हणून, असं शेजाऱ्यांना सांगतात. म्हणजे अंधारात होतो, नकळत झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

सगळे खिडकीकडच्या दोघांकडे बघत होते. एक क्षण — खरंच एकच क्षण — मला वाटलं, सांगून टाकावं, हसतील आणि विसरतील. पण मी प्रमुख होतो हो! पहिलंच शिबिर, कोऱ्या कापडाचा शर्ट, गळ्यात शिट्टी. आणि माझ्या तोंडून काय निघालं? मी शांतवनच्या उजव्या बाजूला गेलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी काळजीच्या स्वरात म्हणालो, "काय रे शांतवन, सर्दी झालीये का तुला? रात्रभर फार त्रास होत होता तुला."

तो गोंधळला. "मला? मी घोरत हुतो?"

विचार करा. हा असा आरोप आहे की जो खोडता येत नाही. आपण झोपेत काय करतो हे कुणाला कळतं? शेजारी कुणी असेल तर तो सांगणार, आणि त्याच्या शेजारी तर गेली कित्येक वर्षं कुणीच नव्हतं. तो म्हणाला, "असंल बाबा. एकटा राहतोय, सांगणारं कोण न्हाय की." आणि मग त्याने काय केलं असेल? तो प्रत्येकाकडे गेला. डॉक्टरांकडे, खजिनदारांकडे, पाळकसाहेबांकडे. माफ करा हं, लई त्रास झाला तुमाला. शिपायाचीही माफी मागितली. शेवटी माझ्याकडे आला. "तू तर शेजारीच हुतास. तुझी तर झोप पारच गेली असंल."

मी म्हणालो, "चालायचंच."

पण खोटं बोलण्यातली खरी मेख दुसऱ्या रात्री कळते. शांतवनला हॉलमधून हलवलं आणि आवाज तसाच राहिला तर? दुपारभर मी या विवंचनेत होतो. वरून चष्म्याच्या रांगा लावत होतो, आत घाम फुटला होता. आणि मग मला ते सुचलं. संध्याकाळी सगळ्यांसमोर मी म्हणालो की शांतवनला एकट्याला बाजूला टाकणं काही बरं दिसत नाही. आपण सेवेला आलोय. त्याच्या सोबतीला मी जाईन. माझी झोप मोडली तरी चालेल.

काय सांगू तुम्हाला! पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या भक्तीत त्यांनी "एकमेकांची ओझी वाहा" या वचनावर प्रवचन दिलं आणि दोनदा माझ्याकडे हात केला. शांतवन रडायचाच बाकी होता. मला आणि त्याला पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांची खोली मिळाली. शांत, थंड, दोघांना ऐसपैस. तो उजव्या कुशीवर झोपला, मी उताणा झोपलो, आणि पलीकडे हॉलमध्ये सगळे म्हणाले, बघा, घोरणारा गेला आणि कसं निवांत झालं.

तेव्हापासून तोच नियम झाला. प्रत्येक शिबिरात वेगळी खोली, शांतवन आणि मी. कुणी कधी दाराजवळून गेलंच तर आतला आवाज ऐकून मान हलवायचं: बिचारे प्रमुख. हळूहळू शांतवनला नाव पडलं, भोंगा. पूर्वी सोलापुरात गिरण्यांचे भोंगे व्हायचे ना, तसा. मोठ्यांनी थट्टेत म्हटलं, मग संडे स्कूलच्या पोरांनी धरलं. भोंगाकाका. तो वळून हात करायचा. त्याला त्याचं काही वाटत नाही, असं मी धरून चाललो. धरून चालणं माझ्या सोयीचं होतं.

मनोरमा शिबिरांना येत नाही, तिची शाळा असते. तिच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. तुम्हाला जोडीदार मिळाला." तिला वाटलं दोघेही घोरतात. मी तिची समजूत सुधारली नाही.

इथपर्यंतचं वाचून तुम्ही हसला असाल. हसा. मीही कधीकधी मनात हसायचो. म्हणजे गंमतच आहे ना, घोरणाऱ्याने न घोरणाऱ्याला सांभाळायचं! पण इथे थांबता येत नाही. कारण हे काही माझं खरं सांगणं नव्हे. मी नुसता त्याच्या आसपास फिरतोय. ते पुढे आहे.

एके दिवशी मला निरोप आला की शांतवन दवाखान्यात आहे. धावत गेलो. बघतो तर पलंगावर हा बसलेला, नाकात हे एवढे बोळे कोंबलेले, डोळ्यांखाली काळंनिळं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना तो दाखवून आला होता. त्यांनी नाकात बघितलं, म्हणाले हाड थोडं वाकडं आहे. मला नंतर कळलं, पुष्कळांचं थोडं वाकडं असतंच, माझंही असेल. पण याने सांगितलं की मी फार घोरतो, सगळ्या गटाला त्रास होतो, ऑपरेशन करून टाका. डॉक्टरांनी केलं. त्यांची काय चूक? पेशंट स्वतः गुन्हा कबूल करून आला होता.

मी मोसंब्यांची पिशवी टेबलावर ठेवली. तो तोंडाने श्वास घेत होता, बोलताना शब्द बोळ्यांत अडकत होते. तो म्हणाला, "आता तुला तरी निवांत झोप लागंल. किती वर्षं माझ्यापायी जागलास."

मी काय करायला हवं होतं? तुम्ही सांगू नका. मला माहीत आहे.

मग त्याने मला जवळ बोलावलं. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाला, "एक सांगू? सुमतीबाईंना विचारावं म्हणतोय."

सुमतीबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. विधवा, मूलबाळ नाही, बोलायला फटकळ. शिबिरात रक्तदाब बघायचं टेबल त्यांचं, आणि ते नेमकं चष्म्याच्या टेबलाशेजारी असायचं. ते तसं मी लावायचो, दोघांचं जमतं हे मलाही दिसत होतं. मला आनंदच झाला. म्हटलं, मग विचार की, थांबलायस कशाला?

"आधी हे घोरणं जाऊ दे," तो म्हणाला. "त्या रातपाळी करून येनार दमून. आनि घरात मी हा असा भोंगा. बरं दिसतं का ते?"

म्हणजे ऑपरेशन त्यासाठी होतं. माझ्या झोपेसाठी आणि सुमतीबाईंच्या झोपेसाठी.

त्यानंतरचं शिबिर थंडीत होतं. आम्हाला नेहमीप्रमाणे खोली मिळाली. खरं तर आता गरज नाही, हॉलमध्येच झोपतो, असं शांतवन म्हणत होता, पण मीच म्हटलं, एकदा खात्री करून घेऊ. सकाळी मला जाग आली तेव्हा तो आधीच उठून बसला होता. अंगाभोवती चादर, हात गुडघ्यांवर. निकाल बघायला आलेल्या पोरासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय?" म्हणाला. "आला का आवाज?"

आता बघा. मी गोंधळलो होतो, घाबरलो होतो, लोक बघत होते — यातलं काहीच नव्हतं. खोलीत आम्ही दोघे. पुरता जागा होतो. मला विचार करायला वेळ होता आणि मी विचार केला. "नाही" म्हणालो तर तो हॉलमध्ये जाणार. मग माझ्या वेगळ्या खोलीला कारण उरणार नाही. मग मलाही हॉलमध्ये झोपावं लागणार. मग त्या रात्री सगळ्यांना कळणार, आणि आजच्या रात्रीचंच नाही, मागचं सगळं कळणार. पाळकसाहेबांचं प्रवचन, ओझी वाहणं, सगळं. इतकं सगळं मी नीट, क्रमाने मनात मांडलं.

आणि म्हणालो, "आहे अजून. पण पहिल्यापेक्षा बरंय."

त्याने नाकाला हात लावला. हळूच, अजून दुखत असल्यासारखा. "बरं," म्हणाला. "डॉक्टर म्हणले हुते, वेळ लागंल." चादरीची घडी घातली आणि तोंड धुवायला गेला. त्या शिबिरात दोन्ही टेबलं शेजारीच होती. दिवसभर मी बघत होतो. तो सुमतीबाईंशी कामापुरतं बोलला.

हे ते. हेच मला सांगायचं होतं. पहिलं खोटं तोंडातून निसटलं असेल. हे निसटलं नव्हतं.

पुढे तीन-चार वर्षं तशीच गेली. मग सुमतीबाई निवृत्त झाल्या आणि त्यांनीच विषय काढला. चष्म्याच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाईक समोर असताना. शांतवनने घोरण्याची अडचण सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या म्हणे, "अहो, आयुष्यभर पुरुषांच्या वॉर्डात रात्रपाळ्या केल्यात मी. घोरण्याचं काय घेऊन बसलात?" चर्चमध्ये लग्न झालं. तरुण संघाने नवरीला कापसाची मोठी गुंडाळी भेट दिली, सगळे पोट धरून हसले, शांतवनही हसला. रजिस्टरवर साक्षीदार म्हणून सही केली ती मी. आणखी कुणाची असणार?

लग्नानंतर महिन्याभरात शांतवन पेढे घेऊन घरी आला. "गुण आला!" म्हणाला. "ऑपरेशनचा गुण आला की! सुमती म्हणती, आवाजच न्हाय." तो इतका खूश होता की रस्त्यात भेटेल त्याला त्या डॉक्टरांचं नाव सांगत सुटला. आमचे खजिनदार खरोखरच थोडे घोरतात. ते जाऊन नाक कापून आले. ते अजूनही घोरतात आणि गुण येण्याची वाट बघतायत. शांतवनने त्यांना धीर दिलाय की चार वर्षं लागतात.

त्याच रविवारी चर्चच्या पायरीवर सुमतीबाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा गुण आत्ता आला म्हणतात हे. मी नर्स आहे हो."

मी चप्पल शोधायला लागलो. ती पायातच होती.

"मी काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना तुम्ही फार चांगले वाटता. त्यांचं ते सुख मी कशाला मोडू?" आणि छत्री उघडून निघून गेल्या. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

मग मी सुधारलो का? छे. शांतवन हॉलमध्ये झोपायला लागला आणि मला औषधांच्या खोक्यांची काळजी वाटायला लागली. गाडीत कुणीतरी राखणीला हवं, असं मी ठरवलं आणि टेम्पोत मागच्या सीटवर झोपायला लागलो. लोक म्हणाले, या वयात केवढी ही जबाबदारीची जाणीव!

ते या जानेवारीत संपलं. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, सगळं पटापट करतात. त्यांनी खोकी मुख्याध्यापकांच्या ऑफिसात ठेवून कुलूपच लावून टाकलं. "काका, तुम्ही आज आरामात हॉलमध्ये झोपा." नाही कसं म्हणणार? मी ठरवलं, झोपायचंच नाही. दोन कप कडक चहा प्यालो, भिंतीला पाठ लावून बसलो, मनातल्या मनात स्तोत्रं म्हणायला घेतली.

सकाळी उठलो तेव्हा अंग कसं हलकं होतं. आणि हॉलमधले सगळे माझ्याकडे बघत होते.

पाळकसाहेब हसत म्हणाले, "काका, मला वाटलं छत खाली येतंय." पोरं हसली. वय झालं की होतं असं, कुणीतरी म्हणालं. कुणाच्या मनात मागचं काही आलं नाही. मी सुटलो होतो. टॉवेल घेऊन मागच्या नळावर गेलो. शांतवन तिथे दात घासत होता, पलीकडे सुमतीबाई तोंड धूत होत्या. मला बघून त्याने ब्रश काढला. चेहरा अगदी पडलेला.

"माझंच लागलं तुला," म्हणाला. "इतकी वर्षं माझ्याशेजारी झोपलास. माझ्यामुळंच झालं हे."

मी म्हणालो, "असं लागत नसतं रे."

"मग?"

मग मी सांगितलं. मान खाली होती, पण सांगितलं: तू कधीच घोरत नव्हतास, पहिल्या दिवसापासून मीच घोरत होतो. मी वर बघितलं तर तो शांतपणे दात घासत होता. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड वाक्य मी बंद कानात सांगितलं होतं. देवाने दिलेली सुटका समजून गप्प बसावं, असं मनात आलं नाही, असं नाही. पण सुमतीबाईंनी नळ बंद केला होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मी वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेलो आणि पुन्हा सांगितलं. मोठ्याने.

तो हसायला लागला. "मला बरं वाटावं म्हणून कायबी बोलशील तू."

"खरं सांगतायत ते," सुमतीबाई म्हणाल्या. "ऐका त्यांचं."

त्याने सुमतीबाईंकडे बघितलं. मग माझ्याकडे. हसू गेलं, पण लगेच नाही, हळूहळू गेलं. तोंडाला पेस्ट तशीच. मग त्याने विचारलं, "ऑपरेशननंतर मी तुला विचारलं हुतं. सकाळी."

"हो."

"तवा?"

"तेव्हाही नव्हता आवाज. म्हणजे मला माहीतच नव्हतं, मी झोपलो होतो. पण तू घोरत नाहीस हे माहीत होतं."

त्याने चूळ भरली, ब्रश झटकून डबीत ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि आत गेला. सुमतीबाई त्याच्या मागे गेल्या. त्या माझ्याकडे बघायला थांबल्या नाहीत.

दिवसभर शिबिर चाललं. एका कन्नड म्हातारीला त्याने चष्मा बसवला, कानामागे काडी नीट वाकवून दिली. तिने लांबवर बघितलं आणि "काणस्तद, काणस्तद!" म्हणजे दिसतंय, दिसतंय असं ओरडली, त्याचा हात धरून हलवला. तो तिच्याबरोबर हसला. रांग मीच लावत होतो. माझ्यापर्यंत ते हसू आलं नाही.

परतताना गाडीत त्याची जागा माझ्या शेजारी होती. बसण्याची व्यवस्था आदल्या आठवड्यात मीच केली होती. बाकी गाडी भरलेली, तो आला आणि बसला. अक्कलकोट सोडलं आणि त्याला झोप लागली, डोकं खिडकीच्या काचेला टेकवून. पूर्वी गाडीत तो असा झोपला की कुणीतरी म्हणायचं, अरे, आज भोंगा बंद कसा? आणि मी सांगायचो की बसल्यावर येत नाही, आडवं झाल्यावरच येतो. आज कुणी काही म्हणालं नाही. मी वाकून ऐकलं. श्वास चालू आहे की नाही, असं वाटावं इतकी शांत झोप होती. मी सोलापूरपर्यंत ती ऐकत बसलो.

सात रस्त्याला त्याला जाग आली. मी उठून वाट दिली. फ्रेमांची पेटी खाली उतरवायला दर वेळी मी एका बाजूने धरायचो. त्या दिवशी त्याने ती एकट्याने उचलली, छातीशी धरली आणि दुकानाकडे चालू लागला. सुमतीबाईंनी मागून पिशव्या घेतल्या.

अजून रविवारी तो मला सलाम करतो, सगळ्यांना करतो तसा. त्याने हे कुणालाही सांगितलेलं नाही.